१९८ पायऱ्या

आमचं ऑफिस नवव्या मजल्यावर होतं. एका मजल्याला बावीस पायऱ्या, नऊ मजल्यांच्या मिळून १९८. सलग चार वर्षं मी त्या रोज चढले. घामाघूम होऊन खुर्चीत टेकले की कुणीतरी म्हणायचंच, "मानलं बुवा तुम्हाला!" मी रुमालाने कपाळ टिपत म्हणायचे, "तेवढाच व्यायाम."

व्यायाम कसला डोंबलाचा! मला लिफ्टची भीती वाटायची. वजन सहा किलोंनी उतरलं, मैत्रिणींना हेवा वाटायला लागला, आणि माझा सगळा दिवस मात्र मजले मोजण्यात जायचा. बैठक खाली घेता येईल का, अमकी राहते तो मजला कितवा, तमक्याला ऑपरेशननंतर कुठे ठेवलंय. माझी मावशी शेवटची दोन वर्षं अठराव्या मजल्यावर राहत होती. एकदा जिन्याने निघाले, बाराव्या मजल्यावर बसले, आणि खाली उतरून आले. पुन्हा गेलेच नाही. याचं खरं कारण मी घरातही बरीच वर्षं सांगितलं नव्हतं.

गंमत म्हणजे लिफ्ट खरोखर अडकली त्या दिवशी मी फारशी घाबरले नव्हते. सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये अकरा मिनिटं. आम्ही तिघं होतो, विनोद करत वेळ काढला. भीती आली तीन आठवड्यांनी, सुरळीत चालणाऱ्या लिफ्टमध्ये, काही कारण नसताना. आदल्या रात्री झोप झाली नव्हती, एवढंच काय ते. छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, आणि ठाम वाटलं की आता हवा संपणार. तिसरा मजला आला तशी मी बाहेर उडीच मारली. भिंतीला टेकून एक मोठा, सुटकेचा श्वास घेतला.

त्या सुटकेच्या श्वासानेच माझा घात केला. हे मला कळायला चार वर्षं लागली. मानसशास्त्राला मात्र ते १९४७ सालापासून माहीत होतं. ओ. हॉबार्ट माऊरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तेव्हा मांडलं की भीतीचे दोन टप्पे असतात. आधी एखादी निरुपद्रवी गोष्ट आणि भीती यांची मनात गाठ पडते. मग आपण त्या गोष्टीपासून पळतो, पळाल्यावर हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणं म्हणजे मेंदूला मिळालेलं बक्षीसच की! मेंदू शिकतो, पळालो म्हणून वाचलो. पुढच्या खेपेला तो आणखी लवकर पळवतो. मी चार वर्षं, आठवड्यातले पाच दिवस, १९८ पायऱ्या चढून स्वतःच्या भीतीला खुराक घालत होते.

पहिल्यांदा ज्या समुपदेशकांकडे गेले, त्यांनी मला खोल श्वास आणि स्नायू सैल सोडायला शिकवलं. पद्धत जुनी आणि चांगल्या घराण्यातली आहे. एडमंड जेकबसनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकेक स्नायू आवळून सैल सोडण्याचा व्यायाम बसवला. पुढे दक्षिण आफ्रिकेत जोसेफ वोल्पे या डॉक्टरने पिंजऱ्यात विजेचे झटके देऊन मांजरांना घाबरवलं आणि मग पिंजऱ्यापासून लांब खायला घालत, दर वेळी थोडं जवळ आणत, ती भीती मोडली. (मांजरांचं मत कुणी विचारलं नाही.) माणसांसाठी त्याने खाण्याच्या जागी जेकबसनची शिथिलता घेतली. शरीर सैल असेल तर त्याच वेळी भीती नांदू शकत नाही, हे त्याचं म्हणणं. भीतीच्या प्रसंगांची शिडी करायची, सर्वात सोपी पायरी आधी, सैल पडून ती डोळ्यांसमोर आणायची, मग पुढची. हे त्याने १९५८ साली पुस्तकात मांडलं. भीतीला शून्य ते शंभर गुण द्यायची पद्धतही त्याचीच. त्या पद्धतीने पुष्कळ माणसं बरी झाली.

माझं गाडं अडलं, कारण मी सतरंजीवर सैल पडायला शिकले आणि तिथेच थांबले. लिफ्टपाशी मला कुणी नेलंच नाही. त्यात भर म्हणजे श्वास मोजणं हाच माझा नवा ताईत झाला. मोजताना चुकले तर मेलेच! सहा महिन्यांनी मला उत्तम श्वास घेता येत होता, आणि मी अजून जिन्यानेच जात होते.

दुसऱ्या थेरपिस्ट मॅडमकडे मी बहिणीच्या आग्रहाने गेले. कागद-पेन घेऊन बसणारी, कमी बोलणारी बाई. हृदयाची आणि थायरॉईडची तपासणी झाली आहे ना, हे त्यांनी आधी विचारलं. मग विचारलं, "लिफ्टमध्ये नेमकं काय होईल असं वाटतं?"

"भीती वाटेल."

"ते झालंच. भीती वाटून पुढे काय होईल?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पंधरा मिनिटं लागली. शेवटी तीन वाक्यं निघाली. हवा संपेल आणि मी गुदमरेन. माझं डोकं ताळ्यावर राहणार नाही, मी दार बडवत किंचाळेन. लोक बघतील.

लिफ्टविषयी मला सगळी माहिती होती बरं का. भीती वाटणारा माणूस त्या विषयातला तज्ज्ञ असतो. लिफ्ट हवाबंद नसते. तिला एकापेक्षा जास्त पोलादी दोर असतात. १८५४ साली न्यू यॉर्कमधल्या प्रदर्शनात एलिशा ओटिस उंच फळीवर उभा राहिला, सगळ्यांदेखत दोर कापायला लावला, आणि फळी जरा खाली येऊन जागच्या जागी अडकली. तेव्हापासून सुरक्षा ब्रेक आहे. हे सगळं मी घडाघडा म्हणून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे डोक्याला पटलंय. पोटाला पटलेलं नाही. पोट वाचत नाही, ते फक्त बघतं."

मग त्यांनी मला खुर्चीत बसवून एक मिनिट जोरजोरात, भराभर श्वास घ्यायला लावला. चाळीस सेकंदांत बोटांना मुंग्या, ओठ बधिर, डोकं गरगर. तंतोतंत तेच! आणि समोर लिफ्ट नव्हती, एक खिडकी उघडी होती आणि पंखा फिरत होता. माझ्या मुंग्या हवा कमी पडल्यामुळे येत नव्हत्या, उलट गरजेपेक्षा जास्त श्वास घेऊन रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरल्यामुळे येत होत्या. नंतर फिरत्या खुर्चीत गोल फिरवलं, बारीक नळीतून श्वास घ्यायला लावला, जागच्या जागी पळवलं. (हृदयविकार, दमा, फिट्स असतील किंवा बाई गरोदर असेल तर हे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचे नसतात. घरी बसून कुणी करून बघू नका.) डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली पॅनिकबद्दल हेच मांडलं होतं. धडधड होते, आपण तिचा अर्थ "मेलो" असा लावतो, त्या अर्थाने धडधड वाढते, वाढलेली धडधड म्हणजे पुरावा. माझं चार वर्षांचं आयुष्य त्या एका चक्रात मावत होतं. थोडा अपमानच वाटला.

मग वही आली. लिफ्टच्या प्रत्येक फेरीआधी लिहायचं: काय होईल, त्याची खात्री किती टक्के. फेरीनंतर लिहायचं: काय झालं. पहिली नोंद अजून आहे. "तळमजला ते पहिला मजला. श्वास कोंडेल, ८५ टक्के." समोर: "कोंडला नाही. भीती ९०. बाहेर आल्यावर रडले."

माझी समजूत अशी की भीती खाली येईपर्यंत लिफ्टमध्ये राहायचं, आणि ती खाली आली म्हणजे फेरी यशस्वी. १९८६ मध्ये एडना फोआ आणि मायकेल कोझॅक यांनी जो विचार मांडला, त्यात भीती उतरण्याला असं महत्त्व होतंच, त्यामुळे ही समजूत अगदी हवेतली नव्हे. पण एका मंगळवारी मी सलग बारा फेऱ्या केल्या, सुरुवातीला ७० आणि शेवटीही ७०. वही मॅडमसमोर आपटली. त्यांनी शांतपणे विचारलं, "हवा संपली का?"

"नाही."

"किंचाळलात का?"

"नाही."

"सत्तर गुणांची भीती घेऊन बारा वेळा वरखाली केलंत. मग झालं तरी काय वाईट?"

तिथे मला हे सगळं प्रकरण कळलं. मिशेल क्रॅस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये यावर लिहिलंय: भीती किती उतरली यापेक्षा अपेक्षा किती फसली हे महत्त्वाचं. मेंदू आश्चर्यातून शिकतो. "मरेन" असं ८५ टक्के खात्रीने लिहावं आणि मरू नये, यासारखा दुसरा धडा नाही.

या धड्याच्या आड माझ्या पिशवीतल्या वस्तू येत होत्या. पाण्याची बाटली, पूर्ण चार्ज केलेला फोन, आणि उभं राहायची ठरलेली जागा, घंटीच्या बटणाजवळ. पॉल सॅल्कोव्स्किस यांनी अशा उपायांना 'सेफ्टी बिहेवियर' म्हटलं. त्यांचा तोटा असा की फेरी सुखरूप पार पडली तरी श्रेय बाटलीला जातं. एकेक करून सगळं सोडावं लागलं. सर्वात अवघड होतं नवऱ्याला सोडणं. तो बिचारा ऑफिसला जाण्याआधी माझ्याबरोबर फेऱ्या मारायला यायचा, माझा हात धरायचा. माझी चालतीबोलती पाण्याची बाटलीच तो. मॅडमनी त्याला तळमजल्यावर थांबायला सांगितलं तेव्हा माझ्याइतकाच तोही कावराबावरा झाला.

आणि मग ते तिसरं वाक्य, लोक बघतील. त्यासाठी मॅडमनी आल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ मानसोपचारातला एक खट्याळ प्रकार काढला. एलिस स्वतः तरुणपणी बायकांशी बोलायला घाबरायचा. तो सांगत असे की १९ व्या वर्षी त्याने न्यू यॉर्कमधल्या एका वनस्पती-उद्यानात महिनाभर जाऊन बाकावर एकटी बसलेली दिसेल त्या बाईशी बोलायचं ठरवलं. शंभरेक बायकांशी बोलला. एकीने भेटायचं कबूल केलं, आणि तीही आली नाही. पण भीती गेली. पुढे तो आपल्याकडे येणाऱ्यांना मुद्दाम मूर्खासारखं वागायला लावायचा, म्हणजे भर गाडीत स्टेशनांची नावं ओरडणं, असलं काहीतरी. मला सांगण्यात आलं, गर्दीच्या वेळी लिफ्टमध्ये प्रत्येक मजला मोठ्याने जाहीर करायचा.

"तिसरा मजला!" मी म्हणाले. माझा आवाज चिरका आला. सहा जणांपैकी चौघांनी फोनमधून मान वर केली नाही. एका आजोबांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि पाचव्या मजल्यावर म्हणाले, "माझा आठवा. आला की सांगा."

एवढ्यावर मी स्वतःला तज्ज्ञ समजायला लागले, आणि इथून पुढे चूक केली. माझ्या धाकट्या भावाला सुई बघून चक्कर येते. लहानपणापासून. त्याला रक्त तपासून घ्यायचं होतं, मी मोठ्या ताईच्या थाटात त्याला शिथिलतेचा व्यायाम शिकवला. "हात सैल सोड, श्वास सोड, सगळं सोड." त्याने सगळं सोडलं आणि सुई टोचायच्या आधीच आडवा झाला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "ताई, तू उद्यापासून फक्त मजले ओरड."

रक्ताच्या आणि सुईच्या भीतीत शरीर वेगळं वागतं. इतर भीतींमध्ये रक्तदाब आणि नाडी चढते आणि चढलेलीच राहते, म्हणून सहसा चक्कर येऊन पडायला होत नाही. या भीतीत आधी थोडी चढते आणि मग धाडकन पडते. अशा माणसाला सैल सोडायला सांगणं म्हणजे पडायला मदत करणं. स्वीडनच्या लार्स-योरान ऑस्ट यांनी १९८७ मध्ये याच्यावर नेमका उलटा उपाय दिला. दंड, पाय, छाती यांचे स्नायू १० ते १५ सेकंद आवळून धरायचे, चेहरा गरम झाल्यासारखं वाटेपर्यंत, मग २० ते ३० सेकंद नेहमीसारखं बसायचं, आणि पुन्हा आवळायचे. असं पाच वेळा. रक्तदाब टिकून राहतो. भाऊ हे थेरपिस्टकडे रीतसर शिकला, आणि परवा रक्त देताना लाल तोंडाने, दात-ओठ खात, बसलेला होता. बसलेला! नर्सला वाटलं तो चिडलाय.

त्या दिवसापासून "भीती आहे ना, मग अमकं कर" असा सल्ला देणाऱ्यांवर माझा विश्वास उरला नाही. त्यात मीही आले.

आईचं तर तिसरंच. तिला कशाचीच विशेष भीती नाही आणि सगळ्याचीच काळजी आहे. तिला कुठल्या लिफ्टमध्ये बसवणार? काळजीवर थॉमस बोर्कोवेक यांनी आयुष्यभर काम केलं. त्यांचं म्हणणं मला आईकडे बघून पटतं: काळजी ही बहुतेक शब्दांत चालते, आणि त्या शब्दांच्या बडबडीमुळे भयानक चित्र डोळ्यांसमोर उभं राहायचं टळतं. म्हणजे काळजी हीही एक पळवाटच. माझ्या जिन्यासारखी. त्यांनी १९८३ मध्ये सुचवलेला उपाय अगदी घरगुती वाटतो. रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी अर्धा तास फक्त काळजी करायची. इतर वेळी काळजी आली की तिला वेळ द्यायची, "पाचला ये." आईने तिसऱ्या दिवशी फोन केला. "पाच वाजता बसले बाई, पण काही आठवेचना. मग काळजी वाटायला लागली, की आठवत का नाही." ती अजूनही काळजी करते, पण आता रात्री दोन वाजता फोन येत नाही.

बाकीच्या पद्धतींबद्दल माझी मतं वाचक म्हणून आहेत, अनुभवाची नाहीत. मनोविश्लेषणाला मी आधी नाकं मुरडत होते. पण ते सुरू करणाऱ्या खुद्द फ्रॉइडने १९१८ मध्ये बुडापेस्टच्या परिषदेत सांगितलं होतं की रस्त्यावर एकटं जायला घाबरणाऱ्या रुग्णांना नुसतं बोलत ठेवून चालत नाही, त्यांना रस्त्यावर जायला लावावं लागतं. माझ्या पहिल्या समुपदेशकांनी एवढं जरी घेतलं असतं! फ्रान्सिन शपिरोची ईएमडीआर, जिच्यात हलत्या बोटाकडे नजर फिरवत जुना आघात आठवायचा असतो, ती आघातानंतरच्या त्रासासाठी जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये सुचवलेली आहे. पण त्यात नजर फिरवण्याचं काम किती आणि आठवणीला न पळता सामोरं जाण्याचं किती, यावर अभ्यासकांचं अजून भांडण चालू आहे. माझा कौल दुसऱ्या बाजूला. स्टीव्हन हेस यांची 'स्वीकारा आणि चला' ही पद्धत मला जवळची वाटते, कारण त्यांना स्वतःला पॅनिक अटॅक यायचे आणि पहिला आला तो प्राध्यापकांची भांडणं चालू असलेल्या विभागाच्या बैठकीत. भीतीला घालवायच्या मागे लागू नका, तिला बरोबर घ्या आणि जायचं तिथे जा, असं ते सांगतात. बारा फेऱ्या आणि सत्तर गुणांच्या मंगळवारी मी तेच केलं होतं, फक्त नाव माहीत नव्हतं.

आणि हो, भीती परत येते. मला कुणी हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आठ महिने मी ऑफिसच्या लिफ्टने राणीसारखी फिरले, आणि एका परक्या इमारतीतल्या काचेच्या लिफ्टमध्ये पाय ठेवताच पुन्हा ९०. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले, वाटलं सगळं पाण्यात गेलं. मॅडमनी मला पीटरची गोष्ट सांगितली. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्सने या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली. आधी सशाला न घाबरणाऱ्या मुलांबरोबर त्याला खेळायला बसवायचं आणि तिथे ससा आणायचा; हळूहळू तो सशाला जवळ येऊ द्यायला लागला. पण मध्येच पीटरला स्कार्लेट फीवर झाला, दोन महिने हॉस्पिटलमध्ये गेले, आणि घरी निघताना एक मोठा कुत्रा अंगावर आला. भीती पुन्हा पहिल्या पायरीवर. मग जोन्सने तो आवडीचं खात असताना ससा लांबून, दर वेळी थोडा जवळ, आणायला सुरुवात केली. शेवटी पीटर सशाला आपली बोटं कुरतडू देत होता.

जुनी भीती पुसली जात नाही, तिच्याशेजारी नवी आठवण लिहिली जाते. कुत्र्यांवर प्रयोग करणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हलाही दिसलं होतं की कुत्र्याची मोडलेली सवय काही काळाने आपोआप डोकं वर काढते. मार्क बाऊटनने नंतर दाखवलं की ही नवी आठवण जागेला चिकटून असते. मी ऑफिसची लिफ्ट शिकले होते, लिफ्ट शिकले नव्हते. मग काचेच्या, सामानाच्या, अंधाऱ्या, आरशाच्या, जिथे मिळेल तिथे फेऱ्या मारल्या. वही दुसरी लागली.

गेल्या महिन्यात एका सोळा मजली इमारतीत जात होते. लिफ्टमध्ये मी आणि एक तरुण, गळ्यात ओळखपत्र. पाचव्याच्या पुढे लिफ्ट हिसका देऊन थांबली, दिवा फडफडला. त्याने दांडी घट्ट धरली. माझी छाती धडधडायला लागली, मी मनात गुण दिले, ६०.

"अडकली का हो?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

अर्ध्या मिनिटाने लिफ्ट हलली आणि सहाव्या मजल्यावर उघडली. त्याला दहावा हवा होता, बटण पेटलेलं होतं. तो झटकन बाहेर पडला, भिंतीला टेकून त्याने मोठा श्वास घेतला. मी दार धरून ठेवलं, विचारलं, येताय का?

"नको, जिन्यानेच जातो," तो हसून म्हणाला. "तेवढाच व्यायाम."